आईंचा पंखा, गिझर आणि तीन किलोवॅटचं सोलर

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगलीत विश्रामबागला आमचं स्वतःचं घर आहे, खाली दोन खोल्या आणि किचन, वर स्लॅबखाली दोन खोल्या. मी शाळेत शिकवते, मिस्टर कुपवाड एमआयडीसीत आहेत, मुलगा यंदा दहावीला, मुलगी सातवीत आणि सासूबाई ७२ वर्षांच्या. लाईट बिल एरवी २७०-२८० युनिटचं येतं, मे महिन्यात ३४५ युनिट पडले आणि घरात वाद सुरू झाले. मिस्टर म्हणतात आई दिवसभर पंखा आणि टीव्ही लावून बसते. ते एकदा तसं बोलले तेव्हापासून सासूबाई भर दुपारी पंखा बंद करून पदरानं वारा घेत बसतात, मला बघवत नाही. मिस्टरांना कर्ज काढून ३ किलोवॅटचं सोलर बसवायचंय, म्हणजे बिल शून्य, कोटेशन दोन लाख पाच हजारांचं आलंय. मुलाला वरच्या खोलीत एसी पाहिजे, उकाड्यात अभ्यास होत नाही म्हणतो. सासूबाई म्हणतात मागच्या अंगणातला पाणी तापवायचा बंब परत पेटवा, तर सगळे हसतात. घराचा मीटर अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहे. आधी काय करू?

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा डोळ्यासमोर आल्या त्या पदरानं वारा घेणाऱ्या सासूबाई. त्यामुळं सोलर, एसी सगळं बाजूला ठेवून आधी त्यांच्या पंख्याचाच हिशोब करू, कारण घरातला सगळा वाद त्या पंख्यावर उभा आहे आणि तो हिशोब अजून कुणी केलेलाच दिसत नाही.

आपला जुना साधा छताचा पंखा फुल स्पीडला साधारण ७५ वॅट घेतो. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. म्हणजे सासूबाई दुपारी सहा तास पंखा लावून बसल्या तर दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षाही कमी, महिन्याला तेरा-चौदा युनिट. छोटा एलईडी टीव्ही ५० वॅटचा धरला आणि पाच तास मालिका बघितल्या तर महिन्याला सात-आठ युनिट. दोन्ही मिळून एकवीस-बावीस झाले. तुमचं बिल आहे २८० चं. मग बाकीचे अडीचशेच्या वरचे युनिट कुठं जातात, हे कुणी विचारलं का?

आता गिझर बघा. २५ लिटरचा २००० वॅटचा गिझर एकदा पूर्ण तापायला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो आणि त्यात एक युनिट जातं, म्हणजे तुमच्या सासूबाईंचा पंखा तेरा तास चालेल एवढी वीज एका टाकीत. आंघोळीला लागते तेवढी लागू दे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण बहुतेक घरात होतं असं की सकाळी साडेपाचला बटण दाबलं की सगळे आवरून घराबाहेर पडेपर्यंत ते चालूच असतं. शेवटचा माणूस आंघोळ करून बाहेर आला की टाकीत परत गार पाणी भरलेलं असतं, आणि बटण चालू राहिलं तर गिझर ती पूर्ण टाकी परत तापवतो, कुणाच्याही आंघोळीसाठी नाही, आणि संध्याकाळपर्यंत ते पाणी आपोआप कोमट होऊन जातं. रोजचं एक युनिट वाया, महिन्याला तीस. सासूबाईंच्या पंख्याच्या दुप्पट. आणि हे कुणाच्या डोळ्याला दिसत नाही, कारण गिझर बाथरूममध्ये वर टांगलेला असतो आणि पंखा सगळ्यांसमोर फिरत असतो.

हे मी एवढं ठासून लिहितेय कारण मी स्वतः ही चूक केलीय. आमच्या मिरजेच्या घरी माझी आत्या देवघरात रात्रभर छोटा बल्ब लावून ठेवायची, आणि बिल वाढलं तसं मी तिला त्यावरून दोन-तीनदा बोलले. दोन महिन्यांनी कळलं की गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता गोळा, खराब झाला होता, पाणी मागच्या बाजूनं गटारीत वाहत होतं आणि मोटर रोज तासभर जास्त चालत होती. एक एचपीची मोटर तासाला पाऊण-एक युनिट घेते. देवघरातला तो बल्ब महिन्याला एक-दोन युनिटचा. आत्या तोवर अंधारात झोपायला शिकली होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं, अंदाजानं कुणाकडं बोट दाखवायच्या आधी मोजा. मोजायला काही विकत आणायला लागत नाही. तुमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एक आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२०० असतो, काहींवर १६००. त्याचा अर्थ, तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. रविवारी सकाळी मुलाला तासभर बसवा (दहावीला विजेचं गणित आहेच, अभ्यासच होईल), घरातलं सगळं बंद करा, फ्रीजसुद्धा, आणि एकेक वस्तू चालू करून दोन लुकलुकीमध्ये किती सेकंद जातात ते लिहायचं. ३२०० च्या मीटरवर एकटा जुना पंखा चालू असेल तर दिवा साधारण पंधरा सेकंदांनी एकदा लुकलुकतो. गिझर चालू केला की सेकंदाला जवळजवळ दोनदा, मोजता मोजता दमायला होतं. हे मिस्टरांना मीटरसमोर उभं करून दाखवा आणि शेजारी खुर्ची टाकून सासूबाईंनाही बसवा, त्यांना ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसणं फार गरजेचं आहे. तुम्ही नुसतं 'आई, पंखा लावा हो' म्हणालात तर त्या लावणार नाहीत, मनाला लागलेलं बोलणं समजुतीनं जात नाही.

याच वेळी आणखी एक कळतं. घरातलं सगळं बंद असताना, मेन स्विच मात्र चालू, तरी दिवा लुकलुकत राहिला तर कुठंतरी वायरिंगमध्ये गळती आहे. मग स्वतः बोर्ड उघडू नका, लायसन्सवाला वायरमन बोलवा. त्यात बिलाच्या आधी जिवाचा प्रश्न आहे, जुन्या घरात तर अर्थिंग तपासून घ्याच.

मोजून झालं की बघा, फ्रीज जुना असेल तर तो एकटाच दिवसाला दीड-पावणेदोन युनिट खात असेल. लगेच नवा घ्या असं मी म्हणणार नाही. दाराच्या रबरात नोट धरून दार लावा आणि नोट ओढा, सहज सुटली तर गॅस्केट गेलंय, ते बदलून मिळतं, थोडक्या पैशात काम होतं. फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवला असेल तर वीतभर पुढं घ्या, मागची उष्णता निघायला जागा लागते. सेटटॉप बॉक्स आणि वायफाय रात्रंदिवस चालू असतील तर दोन्ही मिळून महिन्याला तेवढेच तेरा-चौदा युनिट घेतात जेवढे सासूबाईंचा दुपारचा पंखा घेतो, फरक एवढाच की त्यांचा वारा कुणाला लागत नाही. रिमोटनं टीव्ही बंद करून सेटटॉप बॉक्स बंद होत नाही, भिंतीवरचं बटण बंद करा.

आणि पंखे. तुमच्याकडं चार-पाच पंखे असतील आणि सगळ्यांचे तास मिळून दिवसाला चाळीस झाले तर तीन युनिट तिथंच जातात, म्हणजे महिन्याला ९०. तेव्हा मिस्टरांचा पंख्यावरचा संशय अगदीच चुकीचा नाही, चूक एवढीच की त्यांनी एकाच पंख्याला धरलं. यावर उपाय पंखे बंद ठेवणं हा नाही. बीएलडीसी पंखे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचे पंखे घ्या, तेवढंच वारं ३० वॅटच्या आसपास देतात. अडीच-तीन हजारांना मिळतात, दिवसाला दहा तास चालणारा पंखा बदलला की महिन्याला तेरा-चौदा युनिट वाचतात आणि साधारण दोन वर्षांत पैसे वसूल होतात. पण सगळे एकदम बदलू नका. जो जास्त चालतो तो आधी, आणि तुमच्या घरात पहिला सासूबाईंच्या खोलीतला. पाहुण्यांच्या खोलीतला आहे तसाच राहू दे, तो महिन्यातून चार दिवस चालतो, त्यात पैसे घालून उपयोग नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनीही हे करावं, घर सोडताना पंखा काढून नेता येतो. आणि हो, घेताना बीईईचं, म्हणजे केंद्र सरकारच्या वीजबचतीच्या संस्थेचं, स्टार लेबल बघा, छताच्या पंख्यांना ते २०२३ पासून सक्तीचं झालंय.

गिझरचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवायचं बटण, ५० अंशांच्या आसपास ठेवा, आपल्याकडं लोक ७० वर ठेवतात आणि मग बादलीत निम्मं गार पाणी घालतात. शेवटी आंघोळीला जाणाऱ्यानं बाथरूममध्ये शिरतानाच बटण बंद करायचं, टाकीतलं गरम पाणी त्याला पुरतं. बोअरचं पाणी वापरत असाल तर वर्षातून एकदा गिझर उघडून क्षार काढून घ्या, कॉईलवर पांढरा थर चढला की पाणी तापायला जास्त वेळ लागतो आणि कॉईलही लवकर जाते.

आता सासूबाईंचा बंब. सगळे हसतात असं तुम्ही लिहिलंय, पण त्या म्हणतायत ते मुद्द्याचं आहे, कारण त्यांनी एकट्यांनीच नेमकं गिझरवर बोट ठेवलंय. त्यांना कळतंय की पाणी तापवणं हेच घरातलं सगळ्यात जड काम आहे. बंब रोज पेटवावा असं मी म्हणणार नाही, विश्रामबागसारख्या दाटीच्या वस्तीत धूर शेजाऱ्यांच्या घरात जातो आणि पेटवणाऱ्याच्याही छातीत. पण त्यांची गोष्ट पुढं नेता येते. गच्चीवर सोलर वॉटर हीटर बसवला, १०० लिटरचा, तर उन्हाळ्यात-हिवाळ्यात चार-पाच माणसांच्या आंघोळी त्यावर होतात, पावसाळ्यातले ढगाळ दिवस सोडून. फक्त बोअरचं जड पाणी असेल तर नळ्यांमध्ये क्षार बसतात, विक्रेत्याला आधी पाण्याबद्दल सांगा आणि मगच कोणता प्रकार घ्यायचा ते ठरवा. हे सासूबाईंना 'तुमच्याच बंबाचं काम आता ऊन करणार' असं सांगून करा, त्यांना बरं वाटेल आणि ते खरंही आहे.

आता मुलाची खोली. स्लॅबखालची खोली मे महिन्यात रात्री अकरालाही तापलेली असते, त्याचं कारण हवेतल्या उकाड्यापेक्षा वरचं काँक्रीट आहे, ते दिवसभर ऊन पितं आणि संध्याकाळनंतर खाली सोडत बसतं. तिथं एसी लावला तर एसी खोली गार करण्यापेक्षा स्लॅबशी झगडत बसणार. आधी स्लॅबवर येणारं ऊन थांबवा. तासगावकडं जाताना रस्त्याच्या कडेला बेदाण्याची शेड बघितलीच असेल, हिरव्या नेटनं झाकलेली, ऊन अडतं पण वारं आरपार जातं म्हणून बेदाणा हिरवा राहतो. तीच शेडनेट गच्चीवर मुलाच्या खोलीच्या डोक्यावर, स्लॅबपासून चार-पाच फूट उंच, लोखंडी पाईपवर ताणून बांधा. स्लॅबला चिकटवून अंथरू नका, मधून वारं खेळलं तरच उपयोग. किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये स्लॅब घासून स्वच्छ धुवा आणि चुन्यात थोडा फेव्हिकॉल घालून दोन-तीन हात मारा, संध्याकाळी, उन्हात नाही. पावसात निघून जातो, दरवर्षी करायला लागतो, पण खर्च फार थोडा. खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडतो आणि दोन-तीन अंश म्हणजे पंख्याखाली बसून अभ्यास होणं आणि न होणं यातला फरक आहे. खिडक्या सकाळी दहाला बंद, पडदे ओढलेले, आणि रात्री आठनंतर सताड उघड्या, जाळी लावून. एवढं करून एक उन्हाळा काढा. तरीही त्याला झेपलं नाही तर एसी घ्या, मुलाची तक्रार खोटी आहे असं मला अजिबात वाटत नाही, पण मग एक टनाचा, इन्व्हर्टर, पाच स्टारचा घ्या आणि २५-२६ वर ठेवून सोबत पंखा लावा. बीईई सांगतं की तापमान एक अंशानं वर ठेवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते.

आता सोलरकडं येते, कारण मला माहितीय मिस्टर आधी हेच वाचणार. सोलरला माझा विरोध नाही, सांगलीच्या उन्हात न बसवणं हेच चुकीचं वाटतं. माझं म्हणणं फक्त क्रमाबद्दल आणि मापाबद्दल आहे. आपल्याकडं १ किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरतात, म्हणजे महिन्याला १२०. तुम्ही ३ किलोवॅट बसवले तर ३६० युनिट तयार होणार. आणि वर सांगितलेलं सगळं केलं, गिझरचे तीस, पंख्यांचे चाळीसेक, फ्रीज आणि सेटटॉप बॉक्सचे पंधरा-वीस, तर तुमचा वापर २०० च्या आसपास येतो. त्याला २ किलोवॅट पुरतात, उन्हाळ्यात एसी आला तरी. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे आपली जास्तीची वीज लाईनला जाऊन बिलातून वजा होते त्या पद्धतीत, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात ओढले जातात, पण मार्चअखेरीला जे उरतात त्याचे पैसे आपण वीज घेतो त्या दरानं मिळत नाहीत, बरेच कमी मिळतात. म्हणजे लागत नाही तेवढं सोलर हा कमाईचा धंदा नाही. शिवाय केंद्र सरकारच्या २०२४ ला सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आहे आणि तिसऱ्याला फक्त १८,०००, मिळून ७८,०००. तिसरा किलोवॅट आपल्या खिशाला सगळ्यात महाग पडतो. २ किलोवॅटचं वेगळं कोटेशन मागवा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

बिल शून्य होईल ही समजूतही थोडी सोडायला लागेल, स्थिर आकार राहतोच. आणि बऱ्याच जणांना बसवल्यावर कळतं की लाईट गेली की साधं ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं, सोलरही बंद पडतं, भर उन्हात सुद्धा, कारण लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. लाईट गेल्यावरची सोय हवी असेल तर बॅटरी वेगळी लागते आणि खर्चही वेगळा. सबसिडीही आधी मिळत नाही, सिस्टीम चालू होऊन तपासणी झाल्यावर खात्यात येते, तोवर पूर्ण रक्कम तुम्हाला उभी करायला लागते, कर्जाचा हिशोब त्याप्रमाणं धरा. विक्रेता योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला आहे का आणि पॅनल भारतात बनलेल्या सेलचे आहेत का हे लेखी घ्या, नाहीतर सबसिडी अडकते.

पॅनल बसवताना एक आग्रह धरा, ते मुलाच्या खोलीच्या वर येऊ देत, टाकीची किंवा नारळाची सावली पडत नसेल तर. वीज तर होईलच, शिवाय स्लॅबवर सावली पडेल आणि शेडनेटचं काम पॅनलच करतील. धुवायला नळ आणि जायला वाट ठेवा, गळीत हंगामात साखर कारखान्याच्या चिमणीची काजळी आपल्या गच्च्यांवर किती साठते ते तुम्हाला माहितीच आहे, पंधरा दिवसांनी सकाळी गारव्यात साध्या पाण्यानं धुवायचे, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. विश्रामबागला तेवढी भीती नाही, पण गावभागात किंवा शामरावनगरमध्ये राहणारे कुणी हे वाचत असतील तर सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा) आणि मीटरचा बोर्ड २०१९ च्या महापुराच्या पाण्याच्या खुणेच्या वर लावून घ्या, शक्यतो वरच्या मजल्यावर, त्यासाठी थोडी जास्त वायर लागली तरी चालेल.

एक अजून, ३४५ युनिट आले म्हणून सगळंच बिल वरच्या दरानं लागलं असं मिस्टर समजत असतील तर तसं नाहीये. महावितरणचे दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे आहेत आणि महागडा दर फक्त ३०० च्या वरच्या ४५ युनिटना लागला. पण याचाच दुसरा अर्थ असा की तुम्ही वाचवता ते प्रत्येक युनिट वरूनच, म्हणजे सगळ्यात महाग दराचं कमी होतं.

तर आधी काय करू, असं तुम्ही विचारलंय. आज दुपारी घरी असाल तर सासूबाईंचा पंखा तुम्ही स्वतः लावा, मिस्टरांनी लावला तर अजून चांगलं. रविवारी मीटर. या महिन्यात गिझरची सवय आणि पहिले दोन पंखे. आणि मीटर सासऱ्यांच्या नावावर आहे ते काम मात्र आताच सुरू करा, कारण सोलरचा अर्ज मीटर ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याच नावानं होतो आणि नाव बदलायला वेळ लागू शकतो. मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, वारसांची संमती असे कागद लागतील. नवं नाव कुणाचं टाकायचं हे मिस्टरांनी परस्पर ठरवू नये, आईंना विचारावं. सासऱ्यांचे कागद त्यांनीच पेटीत जपून ठेवलेले असतील, ते त्यांच्याजवळ बसून, त्यांच्याच हातानं काढून घ्या.